खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: आधी पाणी, मग मासे

मागे आम्ही गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशांवर बोललो होतो, गप्पी आणि मोलीवर. त्यानंतर किनाऱ्याकडच्या काही गटांकडून एकच प्रश्न आला. दारात एवढा समुद्र आहे, तर समुद्रातल्याच रंगीत माशांची टाकी का ठेवू नये? कुणाचं निवास-न्याहारीचं घर आहे, पर्यटकांची मुलं टाकीसमोरून हलत नाहीत हे त्यांनी दुसरीकडे पाहिलंय. कुणाला शाळेसाठी टाकी करायची आहे. आणि एका वाडीत तर एक विक्रेता येऊन गेला. म्हणाला, टाकी, पंप, बारा मासे, सगळं एका दिवसात लावून देतो, पैसे गटाच्या कर्जातून द्या, पिल्लं झाली की मीच विकत घेतो.

त्या वाडीतल्या बायकांनी आम्हाला विचारलं, घेऊ का? आमचं उत्तर होतं, नको. खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत पहिल्या दिवशी बारा मासे सोडले तर पंधरा दिवसांत त्यातले बहुतेक मरतात. यात कुणाच्या नशिबाचा किंवा हाताच्या गुणाचा प्रश्न नाही. टाकी तयारच झालेली नसते. ती तयार कशी होते, हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. म्हणून आज बराच वेळ पाण्यावर बोलणार आहोत. माशांकडे नंतर येऊ.

सकाळी गोठा झाडायला गेलं की डोळ्यांना झोंबणारा एक वास येतो. तो अमोनियाचा. माशांच्या टाकीतही तोच तयार होतो, त्यांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून, आणि माशांच्या कल्ल्यांतून तर सतत पाण्यात मिसळत असतो. समुद्रात पाणी अफाट, तिथे तो विरून जातो. काचेच्या पेटीत जाणार कुठे? थोडा साठला तरी माशाचे कल्ले भाजल्यासारखे होतात. मासा वर येऊन तोंड उघडत राहतो, आणि आपल्याला वाटतं त्याला भूक लागली, म्हणून आपण आणखी खाणं टाकतो.

या अमोनियाचा बंदोबस्त डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राईट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राईटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं. शेतात आपण खत म्हणून टाकतो त्याच्याच जवळचं. मग ते नायट्रेट आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदलून बाहेर काढायचं. एवढंच यंत्र आहे. पण हे जिवाणू वाळूवर, दगडावर, फिल्टरच्या स्पंजवर वस्तीला यायला चार ते सहा आठवडे घेतात. नवा गोबरगॅस पहिल्या दिवशी पेटत नाही, आणि लवकर पेटावा म्हणून चालू गॅसमधली रबडी आणून त्यात ओततात, ते तुम्ही पाहिलं असेल. इथेही तसंच. कुणाकडे निरोगी, चालू खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर तिच्यातला स्पंजचा तुकडा विरजणासारखा आणून टाकायचा. गोड्या पाण्याच्या टाकीतला मात्र चालत नाही, कारण तिथल्या जिवाणूंना खारं पाणी मानवत नाही.

विरजण मिळालं नाही तर कोळंबीचा एक तुकडा फडक्यात बांधून टाकीत सोडायचा आणि कुजू द्यायचा. मासा एकही नाही, फक्त पाणी, वाळू, दगड, फिरणारा पंप आणि ती कोळंबी. घरचे हसतात. आमच्याकडे एका आजींनी विचारलं होतं, "गो, तुमी मासे पाळतास की पाणी?" पहिला महिना खरंच पाणीच पाळायचं असतं. या काळात अमोनिया वाढतो आणि मग उतरतो, त्यामागून नायट्राईट वाढतं आणि तेही उतरतं. तपासणीच्या छोट्या बाटल्यांचा संच बाजारात मिळतो. पाण्यात थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य आणि नायट्रेट दिसतंय, असं लागोपाठ आठवडाभर आलं की टाकी तयार. हा संच एकेका घराने घ्यायची गरज नाही, गटात एक पुरतो. पण तो हवाच. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय म्हणून ते चांगलं, हे विहिरीच्या पाण्यालाही लागू होत नाही आणि टाकीच्या पाण्यालाही नाही.

आता टाकी केवढी? लहान टाकीने सुरुवात करावी असं वाटणं साहजिक आहे, पण खाऱ्या पाण्यात उलट आहे. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. तांब्याभर दूध लगेच उतू जातं, मोठं पातेलं वेळ देतं, तसंच. शंभर लिटरच्या खाली जाऊ नका. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर साधारण १६० लिटर पाणी मावतं. वरची जागा सोडून, वाळू-दगड घालून प्रत्यक्षात १३० लिटरच्या आसपास राहतं. पुढचे सगळे हिशोब आम्ही याच टाकीचे देतो. काच, वाळू, पाणी धरून हिचं वजन दोन क्विंटलच्या घरात जातं. म्हणजे टीव्हीच्या टेबलावर ती ठेवायची नाही. लोखंडी घोडा किंवा चिऱ्याचा कट्टा हवा, आणि जमीन सपाट हवी.

जागा निवडताना ऊन आणि पत्रा दोन्ही टाळा. या माशांना २५ ते २८ अंश तापमान बरं वाटतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत पाणी ३२-३३ अंशांवर सहज जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात तर गोड्यापेक्षाही कमी. कौलाखालची, उत्तरेकडची खोली सगळ्यात चांगली. तरीही तापलं तर पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा लहान पंखा लावा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने टाकीही दोन-तीन अंशांनी उतरते. घरात मच्छर अगरबत्ती, फवारा किंवा फिनेल वापरत असाल तर त्या खोलीत हवेचा पंप ठेवू नका. तो खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो.

आणि पाणी? इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. आमच्यातल्याच एकीने विचारलं होतं, मिठागरातलं जाडं मीठ विहिरीच्या पाण्यात विरघळवलं की समुद्राचं पाणी झालं की नाही? नाही झालं. मिठागरात समुद्राचं पाणी आटताना त्यातला चुना आणि जिप्सम आधीच खाली बसतात. मग मीठ धरतं. ते ओढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम निघून जातं. म्हणजे आपल्या जाड्या मिठात समुद्राचा फक्त एक भाग आहे. मासा काही दिवस काढेल, पण जगणार नाही. आयोडीनच्या पुडीतलं मीठ तर नकोच. टाकीसाठी खास बनवलेलं समुद्री मिश्रण मिळतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे आपल्या १३० लिटरला साडेचार ते पाच किलो. ते वेगळ्या बादलीत गोड्या पाण्यात विरघळवून, हवेचा पंप लावून, एक दिवस फिरू द्यायचं आणि मग टाकीत घालायचं. नळाचं पाणी क्लोरीनचं असेल तर आधी चोवीस तास पंपाने ढवळून ठेवायचं.

खरं समुद्राचं पाणी वापरता येतं, आणि किनाऱ्यावरच्या बायकांना तेच परवडतं. पण ते कुठून आणि कधी आणायचं, याला नियम आहेत. खाडीच्या मुखाशी नको, तिथे नदीचं गोडं पाणी मिसळतं. जेटीजवळ नको, तिथे डिझेलचा तवंग असतो. मोकळ्या समुद्रालगतच्या खडकाळ जागेवरून, भरतीच्या वेळी, वारा शांत असताना भरा. जून लागला की विसरा. पाऊस सुरू झाला की आपल्या नद्या लाल माती घेऊन उतरतात, किनाऱ्यालगतच्या पाण्याचा खारेपणा घसरतो आणि तो पुढे बराच काळ भरवशाचा नसतो. म्हणून मे महिन्यातच खाण्याच्या वस्तूंसाठी वापरलेल्या स्वच्छ ड्रममध्ये पाणी भरून, फडक्यातून गाळून, झाकून, अंधारात ठेवायचं. दोन आठवड्यांत गाळ खाली बसतो. वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं. तुरटी फिरवायची नाही. प्यायच्या पाण्याला ती चालते, पण इथे पाण्याचा स्वभाव आंबट होतो.

ड्रम आणि बादल्या प्लास्टिकच्याच हव्यात. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे चांगलं पाणी म्हटलं की हात तांब्याच्या हंड्याकडे जातो. तांबं आणि पितळ खाऱ्या पाण्यात उतरतं. कोळंबी, शंख, खेकडा यांना त्याचा अंशही मारक आहे, आणि माशांनाही जास्त झालं की होतोच. साबणाने घासलेली बादलीही नको. टाकीसाठी दोन बादल्या वेगळ्या काढून त्यांच्यावर रंगाने खूण करा, म्हणजे सुनेने त्यात कपडे भिजवले असं होणार नाही.

खारेपणा जिभेने कळत नाही. काहीजणी लोणच्याच्या खाऱ्या पाण्यासारखं अंडं टाकून बघतात. पण ताजं अंडं समुद्राच्या पाण्यात बुडतंच, ते तरंगेपर्यंत मीठ घातलंत तर मासा गेलाच. हायड्रोमीटर नावाचं स्वस्त साधन मिळतं. त्यावर १.०२३ ते १.०२६ यांच्या मध्ये काटा असावा. आणि आता एक गोष्ट नीट ऐका, कारण नव्या टाकीवाल्यांची सगळ्यात जास्त गफलत इथे होते. उन्हाळ्यात आपल्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी वाफ होऊन जाऊ शकतं. वाफ होतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. आठवडाभर काही घातलं नाही तर १४ लिटर पाणी कमी होतं आणि ३५ चा खारेपणा ३९ वर जातो. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या नाही. काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीला टिकली लावून ठेवा. पाणी टिकलीच्या खाली गेलं की गोडं पाणी घाला. आमच्याकडे हे काम नात करते. खारं पाणी लागतं ते आठवड्याच्या बदलाला: १५ लिटर जुनं काढायचं, १५ लिटर तयार खारं घालायचं. मिश्रण वापरत असाल तर त्याला महिन्याला सव्वादोन किलो लागतं. काढलेलं पाणी भाजीच्या वाफ्यात मात्र ओतू नका. गप्पीच्या टाकीचं पाणी वांग्याला खत होतं, हे पाणी वांगी मारेल.

वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची, पांढरी असावी. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. फसफसली तर तिच्यात चुना आहे आणि ती पाणी योग्य ठेवायला मदत करेल. जांभा दगड नको, तो फसफसत नाही आणि झिजून पाण्यात लाल माती सोडतो. लपायला जागा म्हणून फुटक्या माठाचे, कौलाचे तुकडे उत्तम. हॅचरीतसुद्धा माशांना अंडी घालायला मातीची कुंडी किंवा फरशीचा तुकडाच देतात.

प्रवाळ मात्र आणायचा नाही. परदेशातल्या चित्रांत टाकीभर प्रवाळ दिसतो आणि आपल्याला वाटतं, मालवणच्या खडकांवर आहेच की. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ, समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी संरक्षित आहेत. विकत घेतलं तरी गुन्हा, उचलून आणलं तरी गुन्हा. वाळूत पडलेला मेलेला तुकडाही तिथेच राहू द्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा पट्टा तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. "शेजारच्या मुलाने पकडून दिला" हे उत्तर तिथे चालत नाही.

यंत्रात काय काय लागतं? पाणी फिरवणारा एक पंप, हवेचा एक पंप, स्पंजचा किंवा मागे टांगायचा फिल्टर आणि साधा एलईडी दिवा. फेस काढणारं स्किमर नावाचं यंत्र दुकानदार सुचवेल. फक्त चार-सहा मासे ठेवायचे असतील आणि पाणी नेमाने बदलणार असाल तर सुरुवातीला त्याच्यावाचून चालतं. विजेचा हिशोब असा: दोन्ही पंप मिळून वीस वॅट, चोवीस तास. दिवा वीस वॅट, आठ तास. महिन्याला साधारण १९ युनिट. बिलापेक्षा मोठी काळजी वीज जाण्याची. पावसाळ्यात आपल्याकडे वीज रात्रभर जाते, आणि पाणी हललं नाही तर माशांना प्राणवायू कमी पडतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मिळतो, तो पहिल्या दिवसापासून घरात असावा. तोही नसेल त्या रात्री तांब्याने (अर्थात प्लास्टिकच्या) पाणी उचलून थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीतच ओतत राहायचं, दर पंधरा-वीस मिनिटांनी. आमच्यातल्या दोघींनी अशी एक रात्र काढली आहे.

हे सगळं झाल्यावर मासे.

पहिला मासा म्हणून आम्ही क्लाऊन फिशच सांगू. केशरी अंगावर पांढरे तीन पट्टे, मुलं ज्याला निमो म्हणतात तो. दिसायला सुंदर आहे हे खरं, पण कारण ते नाही. हा मासा हॅचरीत जन्मतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूत मंडपमला आणि केरळात विळिंजमला त्याची पैदास बसवली. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही ती झाली आहे. हॅचरीतलं पिल्लू टाकीतच वाढलेलं असतं, कोरडं खाणं खातं, माणसाला बुजत नाही. समुद्रातून पकडलेल्या माशाला हे सगळं नव्याने शिकावं लागतं, आणि पकडण्यापासून दुकानापर्यंतच्या प्रवासात त्याचं काय झालंय हे आपल्याला कळत नाही. काही देशांत प्रवाळाच्या फटींतले मासे सायनाईड फवारून गुंगवून पकडतात. तो मासा दुकानात पोहताना दिसतो आणि आठवड्याने घरी मरतो. बाजारातले बहुतेक सागरी रंगीत मासे आजही समुद्रातूनच पकडलेले असतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नको, "हॅचरीतला आहे का?" हा हवा. दुसरा, "माझ्यासमोर खायला घाला." खाल्लं नाही तर घ्यायचा नाही, कितीही सूट मिळो. पोट खपाटीला गेलेलं, कल्ले भरभर हलणारे, अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे असलेला मासा ज्या टाकीत आहे, त्या टाकीतला दुसरा चांगला दिसणाराही घेऊ नका.

क्लाऊन फिशचा संसारही ऐकण्यासारखा आहे. सगळी पिल्लं आधी नर असतात. एकत्र राहणाऱ्यांत जी सगळ्यात मोठी आणि जोरकस, ती मादी होते. घराची कर्ती तीच, आकारानेही मोठी. तिच्या खालचा एकजण तिचा नर होतो, बाकीचे लहानच राहतात. ती मेली तर तिचा नर मादी होतो आणि खालचा एक नर म्हणून पुढे येतो. अंडी राखायचं काम बापाकडे. पंख्याने वारा घालावा तसे तो कल्ल्याजवळचे पर हलवत अंड्यांवर पाणी खेळवतो, खराब झालेली अंडी काढून टाकतो. हे ऐकल्यावर आमच्या गटात जो हशा पिकला तो रेडिओवर ऐकवण्यासारखा नव्हता! यातलं कामाचं एवढंच, की दोन लहान पिल्लं एकत्र घेतली तर त्यांची जोडी आपोआप लागते. दोन मोठ्या माद्या घेतल्या तर एक मरेपर्यंत भांडतात. समुद्रफूल, म्हणजे ज्याच्या झुलणाऱ्या दांड्यांत हा मासा राहतो तो प्राणी, टाकीत असायलाच हवा असं नाही. ते सांभाळणं माशापेक्षा अवघड आहे. माठाचा तुकडा दिला तरी हा मासा त्यालाच घर समजतो.

ही जोडी महिनाभर नीट राहिली की मग पुढचा मासा. एखादा लहान गोबी किंवा ब्लेनी, हे वाळूवर आणि दगडावर बसून असतात, कुणाच्या वाटेला जात नाहीत. काळे पट्टे आणि लांब पर असलेला बांगाई कार्डिनल, इंडोनेशियातला, पण हॅचरीतलाही मिळतो. त्याचा नर अंडी तोंडात धरून राखतो. आपल्या १३० लिटरला एकूण पाच-सहा लहान मासे पुष्कळ झाले. प्रत्येक वेळी एक-दोनच आणायचे आणि मध्ये तीन आठवडे जाऊ द्यायचे, म्हणजे जिवाणूंना वाढायला वेळ मिळतो.

डॅमसेल हा निळाशार, स्वस्त आणि चिवट मासा दुकानदार आवर्जून देतो. "हा मरत नाही" म्हणतो. मरत नाही हे बरंचसं खरं, पण बहुतेक जाती फार भांडखोर. आधी डॅमसेल सोडला की टाकी त्याची, नंतर आलेल्याला तो कोपऱ्यात दाबून मारतो. हवाच असेल तर सगळ्यांत शेवटी, एकच. आपल्या खडकांतल्या डबक्यांत पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेली पिल्लं दिसतात, तीही याच कुळातली.

आता नको ते मासे, कारण पैसे इथेच जातात. निळा टँग मुलांना हवा असतो. तो फूटभर वाढतो, त्याला धावायला जागा लागते आणि आपल्या टाकीत त्याला रोग धरतो. फुलपाखरू मासे दिसायला देखणे, पण त्यांतले कितीतरी प्रवाळाचे जिवंत कोंबच खातात, आपण टाकलेलं खात नाहीत. रंगीबेरंगी मँडरीन बारीक जिवंत किड्यांवर जगतो, नव्या टाकीत उपाशी मरतो. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे खाणारा सफाईवाला रॅस, त्याला चार माशांची टाकी पुरत नाही. लायन फिशच्या काट्यांत विष आहे. मुलं असलेल्या घरात आणि पर्यटकांच्या ओटीवर तो कशाला? खडकातला छोटा हेकरू आणून ठेवाल तर एक दिवस टाकीत एकटा हेकरूच उरेल. आणि ज्याचा कंटाळा आला तो मासा समुद्रात नेऊन सोडायचा नाही. आपल्या बाजूच्या महासागरांतला लायन फिश १९८५ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याला पहिल्यांदा दिसला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतून सुटलेला. आज तो तिकडचे स्थानिक मासे फस्त करतोय.

नवा मासा घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे गरमी सारखी होईल. मग पिशवीतलं पाणी-मासा स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात टाकीचं पाणी थेंब-थेंब, तासभर सोडा. शेवटी मासा जाळीने उचलायचा. पिशवीतलं पाणी टाकीत नको. जमलं तर आधी तीन-चार आठवडे वेगळ्या लहान टबात ठेवा, बाळंतिणीची खोली वेगळी असते तशी. पांढऱ्या दाण्यांचा रोग याच काळात दिसून येतो, आणि त्याच्या औषधात बहुधा तांबं असतं, म्हणून औषध टबातच द्यायचं, मोठ्या टाकीत कधीच नाही. टाकीवर जाळीचं झाकण हवं. गोबी उडी मारतात, आणि घरात मांजर असतंच.

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. कोरडं खाणं, आणि आठवड्यातून एक-दोनदा धुतलेली, काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग बारीक चिरलेली कोळंबी किंवा तिसऱ्यांचं मांस. भात, पोळी, फरसाण नाही. निवास-न्याहारीवाल्यांनी टाकीवर मराठी आणि हिंदीत पाटी लावावी, कारण पाहुण्यांची मुलं बिस्किट टाकतात. गणपतीला किंवा जत्रेला दोन दिवस गावी गेलात तर मासे उपाशी मरत नाहीत. शेजारणीच्या हाती डबा देऊन गेलात तर तिच्या मायेने मरतील. जायचंच असेल तर रोजच्या पुड्या करून द्या.

आता त्या विक्रेत्याचं शेवटचं वाक्य राहिलं: "पिल्लं झाली की मी घेतो." क्लाऊन फिश टाकीत अंडी घालतात हे खरं. आठवड्याभराने अंधार पडताना पिल्लं निघतात, पण ती इतकी बारीक असतात की त्यांना आपलं कोरडं खाणं तोंडात घेता येत नाही. त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जिवंत जीव लागतात, ते वाढवायला शेवाळ लागतं, आणि हे सगळं रोज, न चुकता. ते हॅचरीचं काम आहे. गटांना जमतं ते पुढचं: हॅचरीतून पोटभर खायला लागलेली पिल्लं आणायची, तीन-चार महिने वाढवायची आणि विक्रीच्या आकाराची करून द्यायची. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने बायकांच्या गटांना शोभेच्या कोळंबीची पिल्लं वाढवायला दिली, ती याच पद्धतीने. आपल्या राज्यात कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेत शोभिवंत मासे आहेत, आणि २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पण अनुदानाआधी पिल्लं कोण देणार, परत कोण घेणार आणि मेली तर तोटा कुणाचा, हे तीन मुद्दे कागदावर लिहून सही झालेले हवेत. त्या विक्रेत्याकडे ग्रामसंघाच्या अध्यक्षबाईंनी असा कागद मागितला, तेव्हा तो पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाला. अजून आलेला नाही.

त्या वाडीने कर्ज काढलं नाही. पाचजणींनी वर्गणी काढून एकच टाकी घेतली आणि अंगणवाडीशेजारच्या खोलीत ठेवली. सध्या तिच्यात पाणी, शिंपल्याची वाळू, माठाचे तुकडे आणि फडक्यात बांधलेली कोळंबी आहे. मागच्या रविवारी नायट्राईट उतरायला लागलंय असं त्यांनी कळवलं. तपासणीचा संच त्यांच्याकडून पुढे कुणाला हवा असेल तर गुरुवारी दुपारच्या कार्यक्रमात फोन करून सांगा, आम्ही पाळी लावून देऊ.